सैन्य, शक्ती आणि अस्तर : आतड्यातील प्रतिकारपेशींच्या वैविध्याच्या प्रकाशात मराठी विज्ञानलेखनातील एका रूपकाची समीक्षा

सारांश

मराठी विज्ञानलेखनात शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचे वर्णन प्रायः युद्धाच्या भाषेत केले जाते. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, जंतू म्हणजे शत्रू आणि आरोग्य म्हणजे विजय, असे हे रूपक आहे. आतड्याच्या अस्तरात आढळणाऱ्या प्रतिकारपेशींचे वैविध्य विचारात घेतल्यास हे रूपक किती टिकते, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. अस्तरातील बहुसंख्य पेशींचे दैनंदिन कार्य संहाराचे नसून ओळख, संयम, दुरुस्ती आणि नियमन यांचे आहे, हे उपलब्ध संशोधनाच्या आधारे येथे दाखविले आहे. युद्धाच्या रूपकातून निर्माण होणारी 'प्रतिकारशक्ती वाढविण्याची' कल्पना आतड्याच्या संदर्भात दिशाभूल करणारी ठरते. पर्यायी रूपकांच्या मर्यादांचाही लेखात विचार केला आहे.

बीजशब्द : आतड्याचे अस्तर, प्रतिकारपेशी, सहिष्णुता, रूपक, मराठी विज्ञानलेखन, परिभाषा.

१. प्रस्तावना

विज्ञानाचे मराठीकरण म्हणजे केवळ पारिभाषिक शब्दांची निर्मिती, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. एखाद्या संज्ञेला मराठी प्रतिशब्द मिळाला की काम संपले, असे मानले जाते. परंतु वाचकाच्या मनात विषयाची जी प्रतिमा तयार होते ती एकट्या संज्ञेतून होत नाही. संज्ञेच्या भोवती असलेली क्रियापदे, विशेषणे, उपमा आणि रूपके ती प्रतिमा घडवितात. विद्यार्थी 'श्वेतपेशी' हा शब्द कालांतराने विसरतो, पण 'शरीराचे सैनिक' ही उपमा त्याच्या आयुष्यभर लक्षात राहते. म्हणूनच विज्ञानलेखनातील रूपकांची चिकित्सा हे समीक्षेचेही क्षेत्र ठरते.

प्रतिकारयंत्रणेविषयीचे मराठी लेखन या दृष्टीने अभ्यासनीय आहे. शालेय अध्यापनापासून वृत्तपत्रांच्या आरोग्यपुरवण्यांपर्यंत या विषयाची भाषा जवळजवळ एकच आहे. जंतू 'हल्ला' करतात, 'घुसखोरी' करतात. पेशी 'तुटून पडतात', 'खातमा' करतात. त्वचा आणि अस्तरे ही 'तटबंदी' असते. किल्ला आणि गनीम यांच्या आठवणी ज्या प्रदेशाच्या सामूहिक स्मृतीत खोल रुजलेल्या आहेत तेथे हे रूपक सहज स्वीकारले जावे, यात नवल नाही. प्रश्न आहे तो या रूपकाच्या यथार्थतेचा. त्याची कसोटी घेण्यासाठी आतड्याच्या अस्तराइतके योग्य स्थळ दुसरे नाही, कारण येथे शरीर आणि बाह्य जग यांच्यामध्ये पेशींचा केवळ एक थर असतो आणि त्या थराच्या पलीकडे सूक्ष्मजीवांची प्रचंड वस्ती जन्मभर नांदत असते.

२. शब्द आणि रूपक यांचा पूर्वेतिहास

ज्या संज्ञेसाठी मराठीत 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द रूढ झाला तिचे मूळ युद्धशास्त्रात नाही. 'इम्युनिटास' हा लॅटिन शब्द रोमन कायद्यातील असून कर किंवा सार्वजनिक कर्तव्ये यांतून मिळालेली सूट, असा त्याचा अर्थ होता. आपल्याकडील जुन्या महसुली भाषेत सांगायचे तर सारामाफीची जमीन आणि तिच्या धारकाला मिळालेली मोकळीक, ही कल्पना त्या शब्दाच्या बरीच जवळ जाते. या अर्थात शत्रू नाही आणि लढाईही नाही. देणे लागू न होणे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे.

वैद्यकाने हा शब्द स्वीकारल्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला युद्धाचा अर्थ चिकटला. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला आणि त्याभोवती भटक्या पेशी गोळा होताना पाहिल्या. या निरीक्षणातून भक्षक पेशींचा सिद्धान्त उभा राहिला आणि १९०८ मध्ये पाउल एर्लिश यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काट्यावर चालून जाणाऱ्या पेशींचे ते दृश्य पुढील शतकभराच्या लेखनाचे आदिचित्र ठरले. येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. याच मेचनिकॉफ यांनी मोठे आतडे हे अपायकारक जंतूंचे आगर मानले आणि त्यावरील उपाय म्हणून जंतूंनीच आंबविलेल्या दुधाचा पुरस्कार केला. युद्धाचे रूपक घडविणाऱ्या संशोधकालाही आतड्याशी व्यवहार करताना तहाची भाषा वापरावी लागली, हे सूचक आहे.

विसाव्या शतकात या रूपकाची चिकित्सा पाश्चात्त्य विचारविश्वात सुरू झाली. सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ मधील 'इलनेस ॲज मेटाफर' या ग्रंथात कर्करोगाभोवतीच्या लष्करी भाषेचे परिणाम रुग्णाला कसे भोगावे लागतात, हे दाखविले. एमिली मार्टिन यांनी १९९४ मधील 'फ्लेक्सिबल बॉडीज' या ग्रंथात अमेरिकी समाजातील प्रतिकारविषयक प्रतिमांचा मानवशास्त्रीय अभ्यास मांडला. मात्र या चिकित्सांचा भर समाज आणि भाषा यांवर अधिक होता. पेशींचे प्रत्यक्ष वर्तन रूपकाला कितपत साथ देते, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधावे लागते.

३. अस्तराची रचना आणि रूढ आकड्यांची तपासणी

लहान आतड्याचे आतील पृष्ठ बोटांसारख्या असंख्य उंचवट्यांनी, म्हणजे उद्वर्धांनी, व्यापलेले असते. मोठ्या आतड्यात उद्वर्ध नसतात, तेथे खोलगट ग्रंथी असतात. दोन्हीकडे पृष्ठावर अभिस्तर पेशींचा एकच थर असतो आणि तो साधारणतः तीन ते पाच दिवसांत पूर्णपणे नवा होतो. या थरावर श्लेष्म्याचे आवरण असते, तर थराखाली सैल संयोजी ऊतींचा पट्टा असतो. प्रतिकारपेशींची वस्ती मुख्यतः तीन ठिकाणी आढळते : अभिस्तर पेशींच्या बेचक्यात, त्याखालील सैल पट्ट्यात आणि लसिकाभ ऊतींच्या संघटित पुंजांत. या पुंजांचे वर्णन स्विस वैद्य योहान कोनराड पायर यांनी १६७७ मध्ये केले आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जातात.

या विषयावरील लोकप्रिय लेखनात दोन आकडे हमखास भेटतात. आतड्याचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असते, हा पहिला. शरीरातील सत्तर ते ऐंशी टक्के प्रतिकारपेशी आतड्यात असतात, हा दुसरा. दोन्ही आकडे तपासणीत टिकत नाहीत. स्वीडनमधील हेलांडर आणि फेन्ड्रिक्स या संशोधकांनी २०१४ मध्ये केलेल्या मोजणीनुसार माणसाच्या पचनमार्गाच्या आतील पृष्ठाचे क्षेत्रफळ सरासरी सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाएवढे भरते. वाइझमन संस्थेतील संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ मध्ये संपूर्ण शरीरातील प्रतिकारपेशींची गणना प्रसिद्ध केली. त्यानुसार प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे १.८ लाख कोटी प्रतिकारपेशी असून त्यांचे एकूण वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. त्यांपैकी पचनमार्गातील वाटा जेमतेम तीन ते चार टक्के आहे. सत्तर टक्क्यांच्या आसपासचा आकडा खरा ठरतो तो केवळ एका प्रकाराबाबत, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींबाबत.

ही दुरुस्ती केवळ आकड्यांची नाही. 'सर्वांत मोठी फौज आतड्यात तैनात आहे' या विधानाचे आकर्षण संख्येत होते, कारण सैन्याचे मोल संख्येने ठरते. संख्येचा आधार निघून गेल्यावर आतड्याचे वैशिष्ट्य कशात आहे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पेशींच्या वैविध्यात आहे.

४. अस्तरातील पेशींचे वैविध्य

४.१ अभिस्तरातील लसिकापेशी

लहान आतड्याच्या अभिस्तर पेशींच्या मधोमध लसिकापेशी विखुरलेल्या असतात. त्यांतील बहुतेक टी वर्गाच्या असतात आणि त्या अभिस्तर पेशींना विशिष्ट प्रथिनाच्या साहाय्याने बिलगून राहतात. ताणाखाली आलेली किंवा संसर्ग झालेली शेजारची पेशी ओळखून तिला नष्ट करण्याची क्षमता त्यांच्यात असते. त्याच वेळी यांतील गॅमा-डेल्टा या उपप्रकाराच्या पेशी अभिस्तराच्या वाढीला आणि दुरुस्तीला साहाय्य करणारी द्रव्ये स्रवतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. मारणे आणि सांधणे ही दोन्ही कामे येथे एकाच वस्तीतील पेशींकडे आहेत.

या पेशींची संख्या मर्यादेत असणे, हे निरोगीपणाचे लक्षण होय. लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील शंभर अभिस्तर पेशींमागे पंचवीसहून अधिक लसिकापेशी आढळल्यास विकृतिशास्त्रज्ञ ती वाढ असामान्य मानतात. सीलिॲक विकारात गव्हातील ग्लुटेनला प्रतिसाद देताना या पेशी बेसुमार वाढतात, अभिस्तरावरच उलटतात आणि कालांतराने उद्वर्ध सपाट होतात. पहारेकरी वाढल्याने घर अधिक सुरक्षित होते, हे गृहीतक येथे उलटे पडते.

४.२ प्लाझ्मा पेशी आणि आयजीए

अस्तराखालील पट्ट्यात प्लाझ्मा पेशींची दाट वस्ती असते. त्या मुख्यतः आयजीए प्रकारची प्रतिपिंडे तयार करतात. प्रौढ व्यक्तीच्या आतड्याच्या पोकळीत दररोज सुमारे तीन ते पाच ग्रॅम आयजीए स्रवले जाते. रक्तातील अन्य काही प्रतिपिंडे जंतूला चिकटल्यावर त्याच्या नाशाची साखळी सुरू करतात. आयजीएचे कार्य बहुतांशी निराळे आहे. ते जंतूंना वेढते, त्यांना अस्तरापासून अंतरावर ठेवते आणि श्लेष्म्याबरोबर पुढे जाऊ देते. या प्रक्रियेत दाह होत नाही. नेहमीच्या रहिवासी जंतूंच्याही एका भागावर आयजीएचे आवरण असते आणि ते जंतू जिवंतच राहतात. शरीरातील प्लाझ्मा पेशींचा सर्वांत मोठा हिस्सा अशा रीतीने संहाराऐवजी अंतर राखण्याच्या कामी खर्च होतो.

४.३ मॅक्रोफेज आणि वृक्षिका पेशी

मेचनिकॉफ यांनी पाहिलेल्या भक्षक पेशींचे आतड्यातील प्रतिनिधी म्हणजे मॅक्रोफेज. निरोगी आतड्यातील मॅक्रोफेजचे वर्तन मात्र मूळ चित्राशी जुळत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखविल्याप्रमाणे मानवी आतड्यातील मॅक्रोफेज जंतू गिळतात आणि मारतात, परंतु दाह निर्माण करणारी द्रव्ये जवळजवळ सोडत नाहीत. रक्तातून सतत येणाऱ्या मोनोसाइट पेशी आतड्यात स्थिरावताना हा संयम आत्मसात करतात. इंटरल्यूकिन-१० या संदेशक प्रथिनाचा त्यात मोठा वाटा आहे. हे प्रथिन तयार न करू शकणाऱ्या उंदरांना आतड्याचा तीव्र दाह होतो, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. २००९ मध्ये, या प्रथिनाच्या ग्राहीत जन्मजात दोष असलेल्या बालकांना आयुष्याच्या पहिल्याच वर्षात गंभीर आंत्रदाह होतो, असे आढळले. येथे दोष आहे तो संयमाच्या अभावाचा. शस्त्रांचा तुटवडा कोठेही नाही.

वृक्षिका पेशी आतड्यातील अन्नकण आणि जंतू यांचे नमुने घेऊन ते लसिकाग्रंथीत टी पेशींना सादर करतात. आतड्यातील वृक्षिका पेशींचा एक प्रकार अ-जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल तयार करतो आणि त्याच्या प्रभावाखाली टी पेशी नियामक रूप घेऊ शकतात. आहारातील घटक आणि प्रतिसादाची दिशा यांचा संबंध येथे प्रत्यक्ष दिसतो.

४.४ नियामक टी पेशी

इतर पेशींच्या प्रतिसादाला आवर घालणे हेच ज्यांचे कार्य आहे, त्या नियामक टी पेशी होत. जपानमधील शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशींचे स्वतंत्र अस्तित्व दाखविले. मेरी ब्रंको आणि फ्रेड राम्सडेल यांनी २००१ मध्ये 'फॉक्सपी-३' या जनुकाचे महत्त्व उघड केले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या जनुकातील दोषामुळे मुलग्यांना तान्ह्या वयातच चिवट अतिसार, मधुमेह आणि त्वचाविकार होतात. आतड्यातील नियामक पेशींचा एक भाग तेथील जंतूंच्या सान्निध्यातच घडतो. क्लोस्ट्रिडियम गटातील काही जंतू उंदरांच्या मोठ्या आतड्यात या पेशींची वाढ घडवितात, हे जपानमधील संशोधनातून २०११ मध्ये स्पष्ट झाले. ज्याला शत्रू म्हणायचे तोच येथे आवर घालणाऱ्या पेशींचा घडविता आहे.

४.५ जन्मजात लसिकापेशी

२०१३ मध्ये जन्मजात लसिकापेशींचे वर्गीकरण निश्चित करण्यात आले. टी आणि बी पेशींप्रमाणे विशिष्ट प्रतिजन ओळखणारे ग्राही या पेशींजवळ नसतात. भोवतालच्या ऊतींकडून येणाऱ्या रासायनिक संकेतांवर त्या काम करतात. आतड्यात विपुल असलेला तिसऱ्या गटाचा प्रकार इंटरल्यूकिन-२२ स्रवतो आणि अभिस्तर पेशींना जंतुरोधक प्रथिने तयार करण्यास प्रवृत्त करतो. दुसऱ्या गटाच्या पेशी कृमींच्या प्रादुर्भावात महत्त्वाच्या ठरतात. अभिस्तरातील झुबकेदार पेशी कृमींची चाहूल लागताच त्यांना संकेत देतात, हे २०१६ मध्ये उलगडले. म्हणजे अभिस्तर ही निर्जीव भिंत नसून या संवादातील सहभागी घटक आहे. भिंत आणि पहारेकरी हा भेदच येथे पुसट होतो.

याखेरीज मास्ट पेशी आणि इओसिनोफिल याही अस्तरात नेहमी वास करतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी आतड्याच्या पेशीनकाशात गर्भावस्थेपासून प्रौढावस्थेपर्यंतच्या आणि आतड्याच्या अकरापर्यंत भागांतील सुमारे ४ लाख २८ हजार पेशींचे एकेकटे विश्लेषण करण्यात आले. जागा आणि वय यांनुसार ही वस्ती बदलते, हे त्यातून दिसून आले.

५. रूपक कोठे टिकते आणि कोठे तुटते

युद्धाचे रूपक सर्वस्वी चुकीचे आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विषमज्वराचे जंतू पायरच्या पुंजांवरील एम पेशींमधून आत शिरतात आणि वेळेवर उपचार न झाल्यास तेथे व्रण होऊन आतड्याला छिद्र पडू शकते. रक्ती आवेच्या वेळी न्यूट्रोफिल पेशी मोठ्या संख्येने रक्तातून अस्तरात येतात आणि स्वतः नष्ट होत जंतूंचा नाश करतात. अशा प्रसंगी आक्रमण आणि प्रतिकार हे शब्द योग्यच आहेत. रूपकाची ताकद या प्रसंगांत आहे.

त्याची मर्यादा तीन ठिकाणी स्पष्ट होते. पहिली मर्यादा काळाची आहे. युद्ध हा अपवादात्मक प्रसंग असतो, तर अस्तरातील पेशींचे काम दररोज चालते. अपवादावरून नित्यक्रमाचे वर्णन केल्यास नित्यक्रम अदृश्य होतो. दुसरी मर्यादा शत्रूच्या कल्पनेची आहे. प्रौढ शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असून त्यांची संख्या शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास आहे, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत पायरचे पुंज खुरटे राहतात आणि आयजीए तयार करणाऱ्या पेशी अत्यल्प असतात. ज्याच्या अनुपस्थितीत सैन्यच नीट वाढत नाही त्याला शत्रू म्हणता येत नाही. तिसरी मर्यादा यशाच्या निकषाची आहे. युद्धात यश म्हणजे शत्रूचा नाश. आतड्यात यश म्हणजे अन्न शोषले जाणे, जंतू आपल्या जागी राहणे आणि अस्तर अखंड असणे. यशाच्या दिवशी सांगण्यासारखे काहीच घडत नाही. अशा घटनाशून्य यशाचे वर्णन करण्यासाठी युद्धाच्या भाषेकडे शब्द नाहीत.

६. 'शक्ती वाढविण्याची' कल्पना

रूपकाचा परिणाम वर्णनापुरता मर्यादित राहिला असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. मराठी संज्ञेत 'शक्ती' हा शब्द आहे आणि शक्ती ही वाढविण्याची गोष्ट असते. २०२० मधील कोविड साथीच्या काळात प्रतिकारशक्ती वाढविणारे काढे, चूर्णे, पेये आणि गोळ्या यांच्या जाहिरातींनी हे स्पष्टपणे दाखवून दिले. त्या जाहिरातींमागील तर्क साधा होता : सैन्य जेवढे मोठे तेवढे राज्य सुरक्षित.

आतड्याचा अनुभव या तर्काच्या विरोधात जातो. क्रोन विकार आणि व्रणयुक्त बृहदांत्रदाह या दोन्ही विकारांत प्रतिकारयंत्रणा अतिरेकी सक्रिय असते. त्यांवरील औषधांपैकी अनेक औषधे तिला आवर घालणारी आहेत. अशा रुग्णाच्या दृष्टीने 'शक्ती वाढविणे' हा सल्ला निरर्थक असतो आणि प्रसंगी हानिकारकही ठरू शकतो. 'प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे आजार झाला' असे आयुष्यभर ऐकलेल्या माणसाला, आपला आजार तिच्या अनियंत्रित होण्याने झाला आहे आणि उपचार तिला शमविणारा आहे, हे पटणे कठीण जाते. शमविणारे औषध त्याला शस्त्रे खाली ठेवण्यासारखे वाटते. औषध मध्येच सोडण्याचा मोह अशा गैरसमजातून बळावू शकतो. भाषेने निर्माण केलेली ही अडचण भाषेलाच दूर करावी लागेल.

७. अस्तराचा सामाजिक संदर्भ

युद्धाच्या रूपकात दुबळे सैन्य हा सैन्याचा दोष ठरतो. भारतीय आतड्याच्या अभ्यासातून वेगळेच चित्र समोर येते. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये एस. जे. बेकर आणि व्ही. आय. मॅथन यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या संशोधनातून, वरकरणी निरोगी असलेल्या दक्षिण भारतीय व्यक्तींच्या आतड्याच्या अस्तराची ठेवण समशीतोष्ण देशांतील वर्णनांहून निराळी असते, हे पुढे आले. पुढील अभ्यासांनी आखूड उद्वर्ध आणि अस्तरातील प्रतिकारपेशींची वाढलेली संख्या हे या अवस्थेचे विशेष म्हणून नोंदविले. तत्कालीन पूर्व पाकिस्तानात राहिलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांमध्येही असे बदल झाल्याचे आणि मायदेशी परतल्यावर अस्तर हळूहळू पूर्ववत झाल्याचे १९६६ मध्ये नोंदले गेले. कारण वंशात नव्हते, परिसरात होते. दूषित पाणी आणि अस्वच्छता यांमुळे सतत जंतूंना सामोरे जाणाऱ्या अस्तरात प्रतिकारपेशी अधिक असतात आणि तरीही त्या आतड्याची अन्न शोषण्याची क्षमता उणी असते.

तोंडावाटे देण्याच्या लसींचा अनुभव याच्याशी निगडित आहे. रोटाव्हायरसविरोधी भारतीय लसीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथील बालकांवर झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र अतिसारापासून मिळणारे संरक्षण सुमारे ५५ टक्के आढळले. त्याच प्रकारच्या अन्य लसीचे युरोपातील संरक्षण ९० टक्क्यांहून अधिक होते. गरीब देशांत तोंडावाटेच्या लसी कमी परिणामकारक ठरण्यामागे अनेक कारणे असावीत, असे मानले जाते. मातेकडून आलेली प्रतिपिंडे, अन्य जंतूंची गर्दी, कुपोषण आणि सततच्या दाहाने बदललेले अस्तर ही त्यांपैकी काही होत. तरीही पंचावन्न टक्के संरक्षणानेही असंख्य बालकांचे प्राण वाचू शकतात, म्हणून २०१६ पासून ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट करण्यात आली. शुद्ध पाणी आणि शौचालय हे विषय प्रतिकारशास्त्राच्या बाहेरचे मानणे किती अपुरे आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. सैन्याच्या रूपकात पाण्याच्या नळाला जागाच नाही.

८. पर्यायी रूपकांचा विचार

रूपकाविना विज्ञान सांगता येत नाही. म्हणून पर्यायांचा विचार आवश्यक ठरतो. शास्त्रीय लेखनात 'सहिष्णुता' ही संज्ञा रूढ आहे. तिचा लाभ असा की आतड्याच्या संयमाला तिने नाव दिले. मात्र सहिष्णुता म्हणजे निष्क्रिय सोसणे, असा अर्थ मराठी वाचक लावण्याची शक्यता आहे. नियामक पेशींचा संयम सक्रिय असतो, तो सतत घडवावा लागतो, हे या शब्दातून व्यक्त होत नाही.

कामाची विभागणी आणि परस्परावलंबन दाखविण्यासाठी गावगाड्यातील बारा बलुतेदारांचे रूपक मराठी लेखकाला सहज सुचू शकते. प्रत्येक पेशीचे ठरलेले काम आणि सर्वांच्या कामातून चालणारे गाव, हे चित्र मोहक आहे. पण ते दोन कारणांनी त्याज्य ठरते. पहिले कारण शास्त्रीय आहे. जन्मजात लसिकापेशी परिस्थितीनुसार रूप बदलतात. क्रोन विकाराच्या दाहात तिसऱ्या गटातील पेशी पहिल्या गटासारख्या होताना आढळतात. बलुतेदारीत काम जन्माने ठरत असे आणि बदलत नसे. दुसरे कारण नैतिक आहे. विषमतेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला शरीराचा दाखला देणे म्हणजे तिला निसर्गाची संमती मिळवून देणे होय. शरीराच्या अवयवांचा दाखला सामाजिक उतरंडीसाठी देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी असल्याने येथे विशेष सावधगिरी हवी.

भारतीय परंपरेत उपलब्ध असलेले दुसरे रूपक नगराचे आहे. भगवद्गीतेत देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आहे. किल्ला आणि नगर यांत मूलभूत भेद आहे. किल्ल्याचे दार बंद ठेवण्यासाठी असते, तर नगराचे दार प्रामुख्याने ये-जा करण्यासाठी असते. नगरात बाजार, साठवण, सफाई, डागडुजी, नोंदणी, ओळखपाळख आणि प्रसंगी पहारा अशी अनेक कामे एकाच वेळी चालतात. परके लोक येतात, काही कायमचे वसतात आणि नगराची भरभराट त्यांच्यावरही अवलंबून असते. संकटकाळी नगरालाही लढावे लागते, पण लढणे हे नगराचे प्रयोजन नसते. अस्तरातील पेशींचे वैविध्य या चित्रात अधिक मोकळेपणाने सामावते. यालाही मर्यादा आहेत. पेशींना हेतू नसतो, नागरिकांना असतो. शिवाय नगराला कारभारी असतो, अस्तराला तसा कोणी नाही. मर्यादा सांगूनच रूपक वापरावे, एवढे पथ्य लेखकाने आणि अध्यापकाने पाळावयास हवे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, आतड्याच्या अस्तराचे वैशिष्ट्य प्रतिकारपेशींच्या संख्येपेक्षा त्यांच्या वैविध्यात आणि परस्परसंबंधात आहे. संख्येविषयीचे रूढ आकडे यापुढील मराठी लेखनात दुरुस्त होणे आवश्यक आहे. दुसरा, सैन्याचे रूपक तीव्र संसर्गाच्या प्रसंगी उपयुक्त ठरते, परंतु निरोगी अस्तराचे आणि दाहविकारांचे आकलन होण्यास ते अडथळा आणते. तिसरा, 'शक्ती' या शब्दामुळे वाढ हेच आरोग्य, हा गैरसमज बळावतो. म्हणून अध्यापनात 'प्रतिकारयंत्रणा' किंवा 'प्रतिकारव्यवस्था' हे शब्द आणि 'वाढविणे' याऐवजी 'संतुलन राखणे' हे क्रियापद अधिक योग्य ठरेल. चौथा, अस्तराची स्थिती परिसराशी, पाण्याशी आणि आहाराशी निगडित असल्याने या विषयाचे अध्यापन जीवशास्त्राबरोबरच सामाजिक शास्त्रांनीही आपले मानावयास हवे.

महाविद्यालयीन वर्गात येणारा विद्यार्थी सैनिकांची उपमा आधीच शिकून आलेला असतो. ती एका तासात पुसता येणार नाही आणि पुसण्याची गरजही नाही. विषमज्वराच्या धड्यात ती राहू द्यावी. त्यानंतर त्याच विद्यार्थ्यासमोर एक प्रश्न ठेवावा : रोजचे जेवण शत्रू नसताना आणि आतड्यातील जंतू परके असतानाही दोहोंविरुद्ध युद्ध का पुकारले जात नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याला अस्तरातील प्रत्येक पेशीची ओळख करून घ्यावी लागेल.